नऊ आत्यांचा घुमारा

माझी मुलगी गेल्या काही महिन्यांपासून हळू बोलायला लागली आहे, आणि ही गोष्ट काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

कुणालाही हसू येईल. मुलगी हळू बोलते म्हणून कुठली आई रात्रीची टेबलाशी बसून राहते? यांनाही हसूच आलं होतं. "पोच आली म्हणायची," हे म्हणाले. "एरवी तिनं कानात सांगितलेलं गुपित शेजाऱ्यांना आधी कळायचं." खोटं नाही ते. टिचकीचा आवाज पहिल्यापासून खणखणीत. आता मात्र जेवताना ती काही सांगायला लागली की आम्हा दोघांना घास हातात धरून "काय गं?" करावं लागतं, आणि ती वैतागते. तिच्या मते ती नेहमीसारखीच बोलते आहे, आम्हीच म्हातारे झालो आहोत.

माझ्या ताईचं असंच सुरू झालं होतं.

लोकांना वाटतं, ऐकू कमी यायला लागलं की माणूस ओरडून बोलतो. ताईच्या दुखण्यात उलटं होतं. कानाच्या आत तांदळाच्या कणीएवढं एक हाड असतं, ते हळूहळू जखडतं. बाहेरचा आवाज आत जाताना अडतो, पण स्वतःचा आवाज कवटीतूनच कानाला मिळतो आणि तो मोठा वाटतो. म्हणून माणूस नकळत आवाज बारीक करतो. आधी जातात ते खालचे, जाड आवाज. त्यांच्या जागी एक घरघर येऊन बसते. "लांबून ट्रक येतोय, येतोय, आणि दारात काही येत नाही," असं ताई सांगायची. तेव्हा ती टिचकीच्या आत्ताच्या वयाची होती. हे रक्तातून येतं, असं डॉक्टर म्हणाले होते. मला आलं नाही. माझ्या बाजूनं कुणाला येईल ते सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले होते आणि ते मी तेव्हा फारसं मनावर घेतलं नव्हतं, कारण टिचकी तेव्हा दात पडलेली, गुडघे फुटलेली पोर होती.

ताई आता कानात यंत्र घालते. मेहुणे बोलायला लागले की ते बंद करते आणि वर आम्हालाच सांगते, "आमचा संसार या बटणावर चाललाय." ताईला हसता येतं. ती शाळेत भूगोल शिकवायची. नद्या आणि डोंगर शिकवायला कान लागत नाही.

टिचकी पियानो सुरात लावते.

टिचकी हे अर्थातच घरातलं नाव. रांगायला लागल्यापासून तिला दिसेल त्या वस्तूवर टिचकी मारून कान लावायची सवय. पेले, कुंड्या, खिडकीच्या काचा, कपाटाची दारं. एकदा यांचे साहेब घरी आले होते, तर मागून जाऊन त्यांच्या टकलावर टिचकी मारली आणि "आत काही नाही" म्हणून मोकळी झाली. हे आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून जात होते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला, घरात पुस्तकांची कपाटं, आणि मुलगी दुसऱ्या वर्षाला पुस्तकं मिटून म्हणते, "आई, मला पियानो दुरुस्त करायला शिकायचंय." मी म्हटलं, "आपल्या सात पिढ्यांत कुणी पियानो पाहिला तरी आहे का?" ती म्हणाली, "म्हणून तर म्हणते, आता कुणीतरी बघू दे."

फर्निचरच्या दुकानामागे एका मास्तरांची खोली होती. सरसाचा वास, पोटं उघडलेले पियानो, भिंतीला टांगलेले तारांचे वेटोळे. मी तिथे एकदा मुलगी कुणाच्या हाती देतोय ते बघायला गेले होते. मास्तरांनी मला स्टूल दिलं आणि दोन तारा एकदम वाजवल्या. "काय ऐकू येतं?" मी म्हटलं, "सूर." ते टिचकीकडे वळले. ती म्हणाली, "लाटा." दोन तारा जवळजवळ सारख्या पण पुरत्या सारख्या नसल्या की आवाज फुगतो, ओसरतो, फुगतो, ओसरतो. पियानो लावणारा त्या लाटा ऐकतो आणि खुंटी चावीनं इतकी हळू फिरवतो की लाट लांब लांब होत थांबते. पहिलं वर्षभर मास्तरांनी तिच्या हातात चावी दिलीच नाही. नुसतं ऐकायला बसवलं. घरी येऊन ती फ्रीज, पंखा, पाण्याची मोटर यांच्या लाटा आम्हाला समजावून सांगायची, आणि हे म्हणायचे, "हिच्या लग्नात वाजंत्र्यांचे हाल आहेत."

लग्न काही तिनं केलं नाही. मास्तरांच्या शब्दावर शहरातल्या मोठ्या सभागृहात कामाला लागली, सभागृहामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, आणि आता कित्येक वर्षं तिथले दोन पियानो तिच्या कानावर चालतात. एक नेहमीचा. दुसरा अवाढव्य, जुना, कुणा श्रीमंत घरातून आलेला. गाणी, लग्नं, मुलं याबद्दल इतर बायका बोलतात तसं टिचकी त्या मोठ्याबद्दल बोलते.

तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा डावीकडचं टोक बघून मला वाटलं, इथे रंग सांडलाय. नेहमीच्या पियानोला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असतात. याला त्यांच्याही पुढे डावीकडे नऊ जास्तीच्या होत्या, आणि त्या नऊच्या नऊ काळ्या कुळकुळीत. जिथे पांढरी हवी तिथेही काळीच.

"या अशा का?" मी विचारलं.

"वाजवणाऱ्याची नजर फसू नये म्हणून. तो बघत नाही असं वाटतं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला डावं टोक दिसत असतं. टोक कुठे आहे त्यावरून हात आपली जागा ठरवतो. तिथे अचानक आणखी पांढऱ्या पट्ट्या आल्या, तर हात भलतीकडेच पडतो. काही पियानोंना त्यासाठी छोटं झाकणसुद्धा असायचं."

"लपवायच्याच होत्या तर केल्या कशाला?"

ती हसली. फार पूर्वी म्हणे एका वादकाला ऑर्गनसाठी लिहिलेलं संगीत पियानोवर वाजवायचं होतं. चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचे सगळ्यांत खालचे सूर पियानोवर नव्हतेच. त्याच्यासाठी कारागिरांनी पियानोच वाढवला, असं सांगतात. पण तसलं संगीत थोडं, वाजवणारे त्याहून थोडे. या पट्ट्यांवर वर्षवर्ष बोट पडत नाही.

"मग नुसत्या शोभेच्या."

"ऐक." तिनं मला वाकायला लावलं, पायाखालचं पेडल दाबलं आणि मधली एक पट्टी वाजवली, त्या नऊपासून बरीच लांबची. सूर विरत गेला तसा त्याच्याखाली आणखी काहीतरी उरलं, खोलीला जमीन असावी तसं. "पेडल दाबलं की सगळ्या तारा मोकळ्या होतात. सतारीच्या तरफा बघ, त्यांना कुणी हात लावत नाही पण त्या घुमतात. तशा या नऊ. वाजत नाहीत, पण बाकीच्यांचा आवाज भरतात. आम्ही यांना नऊ आत्या म्हणतो."

"आत्या का?"

"कोपऱ्यात बसून असतात, स्वतः काही करत नाहीत, आणि दुसरं कुणी काही बोललं की हूंऽऽ करतात."

यांना तीन बहिणी आहेत. घरी आल्यावर हे ऐकून हे म्हणाले, "मावश्या का नाही?" टिचकी म्हणाली, "मावश्या गप्प बसतील का?"

आता त्या आत्यांवरून सगळं अडलं आहे.

काही आठवड्यांपूर्वी टिचकीला मोठ्या पियानोत एक घरघर ऐकू यायला लागली. घुमारा नव्हे. घुमारा पेडल सोडलं की थांबतो. ही पेडल सोडल्यावरही मागे राहायची. जाड, खालची, थोडी खरखरीत. तिनं आतला धूळकचरा काढला, एकेक खुंटी तपासली, तारांखालच्या मोठ्या लाकडी फळ्याला चीर गेली आहे का ते बॅटरी धरून पाहिलं. काही नाही. घरघर आहेच. व्यवस्थापक बाईंना बोलावलं. त्यांना ऐकू आली नाही. साथीला येणाऱ्या वादकाला बसवलं. त्यालाही नाही. मास्तर असते तर त्यांच्याकडे गेली असती, पण मास्तर दोन वर्षांपूर्वीच गेले.

व्यवस्थापक बाई वाईट नाहीत. नेमक्या आहेत. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येतं, मला येत नाही, वाजवणाऱ्याला येत नाही. आता मी कुणाचं ऐकू?"

टिचकी म्हणाली, "माझं. त्याच कामाला ठेवलंय मला."

"हो. म्हणूनच विचारते," बाई म्हणाल्या.

हे तिनं मला जेवताना सांगितलं. हळू आवाजात. मी भांडी विसळत विचारलं, "घरी येतो का गं असा आवाज?"

"घरी पियानो आहे का माझ्या?"

"तसं नाही. एरवी. शांत असताना."

तिनं ताट ठेवलं. "आई, स्पष्ट बोल."

"एकदा कान दाखवून ये एवढंच म्हणते मी. ताईचं..."

"मावशीचा कान माझ्या डोक्यावर बसवू नकोस! पियानोत बिघाड झाला की पियानो तपासतात. लावणारीला नाही तपासत."

"बरं बाई. चुकलं."

"आणि 'बरं बाई' म्हणू नकोस. तू 'बरं बाई' म्हणालीस की मला कळतं तुला काय म्हणायचंय."

मी उरलेली भांडी विसळून टाकली. पण त्या रात्री ती आमच्याकडे राहिली, आणि पाणी प्यायला उठले तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात पाहिलं. फ्रीजचं बटण तिनं बंद केलं होतं आणि त्याच्यासमोर ती मान किंचित वाकडी करून उभी होती. फ्रीज पुरता गप्प झाल्यावरही बराच वेळ उभी होती. मग बटण चालू करून खोलीत गेली. मी दाराआड होते. तिला दिसले नाही. मी पाणी न पिताच परतले.

त्यानंतरचा सगळा आठवडा मी हिशेब मांडत बसले. कान असेल तर काय, पियानो असेल तर काय. कानाला उपाय आहेत, ताईच्या वेळेपेक्षा आता बरेच आहेत, कदाचित ऑपरेशनही होईल. पण त्या कानानं पुन्हा लाटा ऐकू येतील का? ते मला कुठला डॉक्टर सांगेल? आणि ती दुसरं काय करेल? ती चाळिशीला आली आहे आणि तिला दुसरं काही येत नाही. येत नाही म्हणजे येऊ शकणार नाही असं नाही. पण मी तिला ओळखते. आवाजाला धरून ती जगते. मी रस्ता नावांवरून लक्षात ठेवते, ती कुठे लोखंडी जाळी खडखडते त्यावरून.

आज सकाळी तिचा फोन आला. आवाज आनंदी. "आई, सापडलं. आत्याच आहेत."

तिनं त्या नऊ तारांमध्ये फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, फीत खोचली होती. अशा फिती पियानो लावणाऱ्यांकडे असतातच. एक तार ऐकायची असली की शेजारच्या तारा फितीनं गप्प करतात. नऊ आत्यांची तोंडं बंद केली आणि घरघर थांबली. म्हणजे बिघाड त्या तारांतच. तांब्याचा वेढा कुठेतरी सैल झाला असेल. जुन्या तारांचं होतं तसं.

"पण," ती म्हणाली, "फीत मीच घातली आणि मीच ऐकलं. ती थांबावी असंच मला वाटत होतं. आपलाच कान, आपलीच बाजू घेणार ना. तू येशील का? तू फीत घाल, काढ, मला सांगू नकोस. मी फक्त वाजवून सांगेन आहे की नाही."

तिनं हे स्वतःहून सांगितलं याचं मला किती बरं वाटलं! अशी प्रामाणिक मुलगी. आणि हे काम माझंच. किती वर्षं मी प्रयोगशाळेत मुलांना तेच सांगत आले: निकाल काय यावा असं तुम्हाला वाटतं ते दारातच ठेवून आत या. मी मिळाली ती बस पकडली.

दुपारी सभागृह रिकामं होतं. रंगमंचावर तेवढा एक दिवा. मोठ्या पियानोचं झाकण टेकू देऊन उघडलेलं, आतल्या तारा एखाद्या पुलासारख्या. टिचकी पट्ट्यांसमोर बसली आणि तिनं डोळ्यांवर रुमाल घट्ट बांधला. मी तिच्या डाव्या अंगाला, पियानोच्या लांब बाजूशी, आत्यांच्या तारांवर वाकून उभी. एका हातात लाल फीत, दुसऱ्यात ती खोचायचं बोथट पातं.

मी सगळी काळजी घेतली. हातातलं घड्याळ कुठे आपटू नये म्हणून काढून पिशवीत ठेवलं. चपला काढल्या. कधी फीत घालायची हे मनानं ठरवलं तर मनाला सवय लागते, म्हणून बसचं तिकीट काढून त्यावरचे आकडे घेतले. सम आला तर फीत आत, विषम आला तर बाहेर. श्वाससुद्धा सारखाच घ्यायचा असं मी बजावून ठेवलं होतं स्वतःला.

"आहेस ना?" टिचकी म्हणाली.

"आहे. वाजव."

तिनं पेडल दाबून सूर वाजवला, सोडला, मान वाकडी करून थांबली. "आहे."

फीत बाहेर होती. बरोबर.

मी तिकीट पाहिलं. फीत खोचायला लागले. तारा पेन्सिलीएवढ्या जाड, आणि त्या काही झाल्या तरी वाजू द्यायच्या नव्हत्या. एकेका फटीत पात्यानं दाबत दाबत शेवटपर्यंत गेले. पाठ भरून आली. "वाजव."

सूर. शांतता. "नाही. थांबली."

बरोबर. पुन्हा तिकीट. फीत तशीच ठेवायची होती. "वाजव."

"नाही."

टोक धरून फीत ओढून काढली. "वाजव."

"आहे. आई, स्पष्ट आहे!"

तिकिटावरचे आकडे संपले. ती एकदाही चुकली नाही. मला स्वतःला त्या सगळ्या वेळात घरघर एकदाही ऐकू आली नव्हती, पण माझा कान म्हणजे काय, मला तर लाटाही ऐकू येत नाहीत. "सगळी बरोबर," मी म्हटलं, आणि तिनं रुमाल ओढून काढला. तिचे डोळे भरले होते. आम्ही दोघी त्या पियानोशी उभ्या राहून येड्यासारख्या हसलो.

"बघ," ती म्हणाली. "तू तर मला बहिरी करूनच ठेवलं होतंस."

"मेल्ये, मी कधी म्हटलं तसं?"

"तोंडानं नाही म्हटलंस. पण कपाळावर लिहिलंय ना तुझ्या, मोठ्या अक्षरांत."

संध्याकाळी तिनं व्यवस्थापक बाईंना जाऊन सांगितलं: आईनं डोळे बांधून परीक्षा घेतली, बिघाड नऊ तारांतच आहे, त्या उतरवाव्या लागतील. बाईंनी मान्य केलं. उद्या सकाळी टिचकी नऊही तारा काढणार आहे. बाई स्वतः हजर राहणार आहेत, आणि दुसऱ्या गावच्या एका जाणत्या पियानो लावणाऱ्यालाही त्यांनी बोलावून घेतलं आहे. तारा जुन्या आहेत, तांबं गुंडाळलेल्या. एकदा सैल केल्या की पुन्हा ताणताना तुटू शकतात, आणि तसल्या नव्या करून घ्यायला कित्येक महिने जातात. बाईंनी तेही मान्य केलं. वर एवढंच म्हणाल्या, "तारा काढूनही तुमचा आवाज राहिला, तर मात्र मला वेगळा विचार करावा लागेल." मी परतीच्या बसमध्ये असताना टिचकीनं मला हे फोनवर हसत हसत सांगितलं. "करू देत ना विचार. राहणारच नाहीये."

मी घरी आले, जेवण केलं, यांना सगळं रंगवून सांगितलं. किती दिवसांनी पोटभर जेवले. मग यांच्या पायजम्याची नाडी आत गेली होती, ती काढून नवी घालायला बसले. जुनीचं टोक सापडलं, एक हिसका, आली हातात. नवी सेफ्टी पिनेत अडकवली आणि नेफ्यातून सरकवायला लागले. थोडी पुढे, चुणी मागे, पुन्हा थोडी पुढे.

"आज होणार का ते, की मी असाच झोपू?" हे म्हणाले.

"काढायला काय, क्षणात निघते," मी म्हटलं. "घालायला वेळ लागणारच."

आणि माझा हात थांबला.

फीत काढायला एक हिसका पुरत होता. खोचायला कितीतरी वेळ लागत होता, माझी पाठ दुखेपर्यंत. आणि काही करायचं नसलं की मी तिकीट पाहून लगेच "वाजव" म्हणत होते. लांब शांतता म्हणजे फीत आत गेली. छोटी शांतता म्हणजे ओढून काढली. लगेच म्हणजे मघाचंच कायम. रुमाल बांधलेला असो की नसो, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी घड्याळ पिशवीत ठेवलं, चपला काढल्या, तिकिटाचे आकडे घेतले, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशी खूण प्रत्येक वेळी तिला देत राहिले.

परीक्षा झालीच नाही. ती एकदाही चुकली नाही ते त्यामुळेही असेल.

यांना सांगितलं. यांनी पायजमा माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला. "तिला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

तेच मला कळत नाही. वेळेवरून तिनं ओळखलं आणि तिला स्वतःलाही ते समजलं नाही, असं होऊ शकतं. मी मुलांना हेच सांगायचे, मन फसवतं तेव्हा फसवलं असं सांगून फसवत नाही. कदाचित घरघर खरंच तारांत असेल आणि तिनं ती खरंच ऐकली असेल. वेळेमुळे उत्तरं खोटी ठरत नाहीत, फक्त त्यांची किंमत जाते. किंवा रुमालाआड तिला सगळं कळत होतं, आणि डोळे भरले ते त्यानं. हे तिसरं मी मनात आणलं की मला फ्रीजसमोरची तिची पाठ दिसते.

हे आता झोपले आहेत. झोपण्याआधी म्हणाले, "राहू दे. उद्या तारा काढल्या की काय ते कळेलच."

कळेल हे खरं. पण कुणासमोर? तारा काढतील, ती सूर वाजवेल, मान वाकडी करेल. व्यवस्थापक बाई आणि तो परगावचा माणूस तिच्या तोंडाकडे बघत उभे असतील. घरघर थांबली तर सुटलो. नाही थांबली, तर तिच्या चेहऱ्यावर ते त्या दोघांना तिच्याइतकंच लवकर दिसेल. किंवा ती खोटं बोलेल. थांबली म्हणेल, नऊ तारा वाया घालवून, आणि मग रोज त्या पियानोशी ती घरघर घेऊन बसेल आणि कुणालाही सांगणार नाही, मला तर नाहीच. दोन्हींपैकी काय वाईट, ते मी मघापासून ठरवायचा प्रयत्न करते आहे.

आणि गप्प राहण्याच्या बाजूनंही मी खूप मांडून पाहिलं. किती दिवसांनी ती आज नीट झोपली असेल. उद्या सगळं ठीकच व्हायचं असेल तर मी कशाला तिची झोप मोडू? शिवाय ती चिडेल. म्हणेल, आई, तुला माझं चांगलं झालेलं बघवतच नाही. म्हणेलच. मला तिचे शब्दसुद्धा पाठ आहेत.

पण कान गेलाच असेल, तर ते तिला परक्यांच्या पुढ्यात, उतरवलेल्या तारांच्या ढिगाशी उभं राहून कळू नये. मी शेजारी असताना कळावं. आणि नसेल गेला, तर तिनं त्या नऊ तारांना खऱ्या परीक्षेच्या जोरावर हात लावावा, माझ्या मूर्खपणाच्या जोरावर नको. बाई येण्याआधी वेळ आहे. पहिल्या बसनं गेले तर पुरेसा आहे. या वेळी दर खेपेला फीत घालायची आणि काढायची, दोन्ही, आकडा काहीही येवो. कुठल्या क्रमानं, तेवढं आकड्यावर: शेवटी ती आत राहील किंवा बाहेर. दर खेपेला सारखीच शांतता. आणि जे निघेल ते आमच्या दोघींत. त्यानंतर बाईंना काय सांगायचं, डॉक्टरकडे कधी जायचं, ते तिनं ठरवायचं. मी "बरं बाई" म्हणणार नाही.

ती फोन उशाशी ठेवते. पहाटेपर्यंत थांबले तर ती चावी घेऊन सभागृहात गेलेली असेल, आणि कामाला लागली की ती फोन उचलत नाही. आत्ताच करायला हवा. पहिल्यांदा घाबरेल, बाबांना काही झालं की काय म्हणून, तर आधी ते सांगायचं: बाबा बरे आहेत, मी बरी आहे, उठून बस, आणि उद्या मी येईपर्यंत त्या तारांना हात लावू नकोस.